पंखांची वही : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२५

१८ जून

यंदाचा प्रकल्प ठरला एकदाचा. सौर कुकर नको, ठिबकचं मॉडेल नको, तालुक्याच्या प्रदर्शनात दरवर्षी तेच तेच येतंय. आठवी-नववीची पोरं-पोरी घेऊन पंखांची वही करायची. म्हणजे असं की आपल्या शिवारात जे वास्प मिळतात, गांधीलमाशी, कुंभारीण, उंबरातले बारके किडे, कपाशीत सोडतात ती ट्रायकोग्रामा, यांचे गळालेले किंवा मेलेल्या किड्यांचे पंख काचपट्टीवर लावायचे, मोठे करून कागदावर काढायचे, आणि शेजारी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म वास्पच्या पंखांची चित्रं ठेवायची. मग मधल्या काळात काय बदलत गेलं ते पोरांनीच हुडकायचं.

मुख्याध्यापक सरांनी विचारलं पंखच का, अख्खा किडा का नाही. किडा मेला की मऊ भाग सडतो, पाय तुटतात, मुंग्या ओढून नेतात, पंख मात्र कायटिनचा पातळ पापुद्रा आणि त्यातल्या शिरा एवढाच असतो, सपाट असल्यामुळे बारीक गाळात जसाच्या तसा दाबला जातो. किड्यांच्या कितीतरी जुन्या जाती फक्त एका पंखावरून माहीत आहेत, बाकीचं शरीर कधी सापडलंच नाही. त्यामुळे जुने किडे वाचायचे तर आधी पंख वाचायला शिकावं लागतं.

अट एकच घातलीय, जिवंत पोळ्याला कोणी हात लावायचा नाही. खिडकीच्या कडेला, बल्बखाली, कोळ्याच्या जाळ्यात मेलेले सापडतात तेवढे पुरे.

२३ जून

पावसाची पहिली सर येऊन गेली आणि पोरांनी काड्यापेट्या भरभरून पंख आणले, रात्री लाईटखाली पडलेले. सगळे वाळवीचे निघाले! पण वाया काही नाही, उलट सुरुवात ह्याच्यानेच करायला पाहिजे होती असं वाटलं. वाळवीचे चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे, बुडाशी एक ठरलेली रेघ असते तिथून कट्कन तुटतात. वाळवी ही झुरळाच्या गोतातली, वास्पशी तिचा काही संबंध नाही. त्याच ढिगात दोनचार पंख उडणाऱ्या मुंग्यांचे पण होते, त्यात पुढचा पंख मोठा आणि मागचा लहान. एका पोरीने विचारलं, "मॅडम, मुंगी पण उडती, वाळवी पण उडती, मग दोघी येगळ्या काहून?" तिला म्हणलं दोन्ही पंख एका पट्टीवर शेजारी शेजारी लाव आणि तूच सांग. अर्ध्या तासाने तिने येऊन सांगितलं की वाळवीच्या शिरा लांबच लांब आणि मधे बंद घरं जवळपास नाहीतच, मुंगीच्या शिरा कमी पण त्या एकमेकींना मिळून बंद घरं करतात. अगदी बरोबर. मुंगी म्हणजे वास्पच्याच कुळातून निघालेली शाखा आहे हे तिला मग सांगितलं, आणि पोरांच्या चेहऱ्यावरचं ते नवल बघून मलाच भरून आलं.

इथं एक जीवाश्म पण सांगून टाकला. न्यू जर्सीच्या अंबरमधे म्हणजे झाडाच्या गोठलेल्या डिंकात एक मुंगी सापडली, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीची, तिचं नाव स्फेकोमिर्मा. १९६७ साली विल्सन, कार्पेंटर आणि ब्राऊन या तिघांनी तिचं वर्णन छापलं. जबडे वास्पसारखे आखूड, कंबर मुंगीसारखी. दोन्हीकडची लक्षणं एकाच अंगावर.

४ जुलै

आज गांधीलमाशीचा पंख. फोल्डस्कोप काढला, तो कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डमधे मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला. पंख ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप. मोबाईलचा कॅमेरा त्याला चिकटवला की भिंतीवर दाखवता येतं.

पोरांनी पंख बघितल्या बघितल्या म्हणलं, शेत हाय हे! आणि खरंच, शिरा म्हणजे बांध आणि मधला पारदर्शक पापुद्रा म्हणजे वावर. पुस्तकात त्याला कोष्ठ वगैरे म्हणतात पण आमच्या वहीत आता वावरच लिहिणार. गांधीलमाशीच्या पुढच्या पंखात बंद वावरं दहाच्या आसपास भरली, त्यातलं मधलं एक लईच लांबोळकं. हे लांबोळकं वावर ही तिच्या घराण्याची खूण आहे, दगडात नुसता पंख सापडला आणि त्यात हे दिसलं तरी जाणकार माणूस गांधीलमाशीच्या कुटुंबाकडे बोट दाखवतो.

दुसरी खूण जिवंत माशीत दिसते. गांधीलमाशी बसली की तिचे पंख अरुंद दिसतात, कारण ती पुढचा पंख उभ्यात घडी घालून ठेवते. शाळेच्या मागच्या पडवीत पोळं आहे, लांबूनच बघितलं, सगळ्यांना दिसलं. कुंभारीण म्हणतो त्यातली जी मातीची सुरईसारखी गोल घरटी करते ती पण अशीच घडी घालते, म्हणजे ती गांधीलमाशीची नातलग. आणि भिंतीला मातीच्या नळ्या लावणारी सडपातळ कंबरेची कुंभारीण घडी घालत नाही, ती दुसऱ्याच घरची.

आकडे पण बघितले. मागच्या पंखाच्या पुढच्या कडेला ओळीने बारीक आकडे असतात, ते पुढच्या पंखाच्या मागच्या कडेच्या दुमडीत अडकतात आणि दोन पंख मिळून एक होतात. मधमाशी, मुंगी, वास्प सगळ्यांत हे आहे. पोरांना हे सगळ्यात जास्त आवडलं, तास संपला तरी उठायला तयार नव्हती.

शिरा कशाला असतात यावर थोडं बोललो. पापुद्रा ताणून धरायला हे तर आहेच, पण त्या पोकळ असतात, आत किड्याचं रक्त फिरतं, हवेच्या नळ्या असतात, काहींत नसा असतात. कोषातून नुकताच निघालेला किडा चुरगळलेल्या पंखात रक्त ढकलतो आणि पंख फुलतो, मग वाळून कडक होतो. आपण ज्याला मेलेलं पान समजतो तो जिवंत अवयव असतो.

१९ जुलै

पोरांचा हट्ट, आपल्याकडे पण जीवाश्म वास्प सापडल का. एकाने शेतातून दगड आणला, आत झाडासारखी काळी नक्षी, सगळे नाचायला लागले. ती नक्षी मँगनीजच्या खनिजाची असते, दगडाच्या फटीतून पाणी झिरपताना तशी फांद्यांसारखी वाढत जाते, वनस्पतीशी तिचा संबंध नाही. पोरगं नाराज झालं, मग भूगोलाच्या सरांना बोलावलं आणि त्यांनी जे सांगितलं ते फार छान होतं म्हणून इथं नीट लिहून ठेवते.

आपला मराठवाडा जवळपास सगळा काळ्या दगडावर बसलाय, वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलंय तोच बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहिला, थर थंड झाला, पुन्हा वाहिला, असं कितीदा तरी. तापलेल्या लाव्हात किडा टिकायचा प्रश्नच नाही. पण दोन थरांच्या मधे कधी कधी बराच काळ जायचा, तेवढ्यात तळी व्हायची, झाडं उगवायची, गाळ साचायचा, आणि मग वरून पुढचा लाव्हा यायचा. त्या मधल्या गाळाच्या थरांत, ज्याला इंटरट्रॅपियन म्हणतात, दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी वनस्पती, शंख, मासे यांचे जीवाश्म मिळालेत. रस्त्याच्या कटिंगमधे दोन काळ्या थरांमधे लाल पट्टा दिसतो ना, ती त्या मधल्या काळातली जमीन वगैरे, पण त्यात नाजूक पंख टिकायची आशा धरू नये. पंखाला बारीक गाळ लागतो आणि शांत पाणी लागतं.

कोलोरॅडोतल्या फ्लोरिसंटचं उदाहरण इथंच दिलं. तिथं पण ज्वालामुखीच, पण तिथं राखेचा आणि गाळाचा अतिशय पातळ थरांचा तळ्याचा दगड झाला, ३.४ कोटी वर्षांपूर्वी. त्यात पॅलिओव्हेस्पा नावाची गांधीलमाशी सापडली, कॉकरेल यांनी १९०६ मधे तिचं नाव ठेवलं, आणि आज त्या जागेचं जे बोधचिन्ह आहे त्यावर तीच माशी आहे. चित्र भिंतीवर लावल्यावर नववीतला एक जण आपणहून म्हणाला, "मॅडम, लांबोळकं वावर दिसायलंय की ह्यात!" ३.४ कोटी वर्षांपूर्वीची, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची माशी, आणि गंगाखेड रोडवरच्या शाळेतल्या पोराने तिचं घराणं ओळखलं. यासाठीच हा सगळा खटाटोप.

आणि आपल्या देशात अगदीच काही नाही असंही नाही. सुरत जिल्ह्यात वस्तान आणि तडकेश्वर इथं लिग्नाइट कोळशाच्या खाणी आहेत, त्या कोळशात ५ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर सापडलं, साल-गर्जनच्या गोतातल्या झाडांचं. त्यात माश्या, मुंग्या, बारके वास्प अडकलेत, २०१० साली त्याचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात ७०० च्या वर किडे आणि तत्सम जीव होते. आणि आपलीच गोदावरी पुढे तेलंगणाच्या हद्दीवर प्राणहितेला मिळते त्या खोऱ्यातले कोटा थर तर डायनासोरच्या काळातले, तिथं मोठमोठ्या डायनासोरसोबत किड्यांचे अवशेषही मिळालेत. पैठणहून आपल्या जिल्ह्यातून जाणारं पाणी त्याच दगडांवरून वाहतं, हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला होता.

२ ऑगस्ट

आज अवघड भाग, पंख आला कुठून.

पक्ष्याचा पंख हा हात आहे, वटवाघळाचा पण हातच आहे. किड्याचे सहा पाय जागच्या जागी असून वर पंख आहेत, म्हणजे कुठलातरी पाय खर्ची घालून तो केलेला नाही, मग काय होता आधी? शंभराहून जास्त वर्षं यावर भांडण चाललंय. एक बाजू म्हणते पाठीच्या कवचाची कड बाहेर वाढत गेली, आधी छत्रीसारखी नुसती तरंगायला कामी आली, मग हलायला लागली. दुसरी बाजू म्हणते पाण्यातल्या पूर्वजांच्या पायाच्या बुडाशी कल्ल्यासारख्या पाळ्या होत्या, त्यांचा पंख झाला. १९९७ मधे अव्हेरोफ आणि कोहेन यांनी दाखवलं की पंख घडवणारे दोन जीन कवचधारी प्राण्यांच्या अशा पाळ्यांमधेही चालू असतात.

मग २०२० मधे हेदर ब्रूस आणि निपम पटेल यांचं काम आलं. त्यांनी पारहायले नावाचा समुद्रकाठचा झिंग्याच्या वर्गातला बारका प्राणी घेतला, त्यात पाय घडवणारे पाच जीन एकेक करून बंद केले आणि पायाचे कुठले सांधे जातात ते बघितलं, मग ते किड्यांच्या पायाशी जुळवलं. त्यांचं म्हणणं असं की किड्यांच्या पूर्वजांमधे पायाचे अंगाजवळचे दोन सांधे हळूहळू शरीराच्या भिंतीतच मुरून गेले, आणि त्या सांध्यावरची पाळी पाठीकडे सरकत गेली, तोच पंख. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने त्याच प्राण्यावर काम करून सांगितलं की पाठीची कड आणि पायाचा भाग दोन्ही मिळून पंख झालाय. म्हणजे जुन्या भांडणातल्या दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या असू शकतात. मला स्वतःला हे दोन्ही मिळून झालं हेच पटतं, कारण पंख हलवायला बुडाशी बिजागरी आणि स्नायू लागतात, नुसती पाठीची कड म्हणलं की ते कुठून आलं ते कळत नाही, आणि नुसता पाय म्हणलं की एवढा रुंद सपाट पापुद्रा कुठून आला ते कळत नाही.

पोरांना जीन वगैरे थोडं जड गेलं, पण पिठातल्या किड्याचं सांगितलं तेव्हा कान टवकारले. आपल्या डब्यात पिठात तो लालसर भुंगेरा पडतो ना, ट्रायबोलियम, प्रयोगशाळेत त्याच्यात एक ठराविक जीन दाबला तर छातीच्या पहिल्या खंडावर, जिथं आज कुठल्याच किड्याला पंख नसतो, तिथं पंखासारखं काहीतरी उगवतं. जागा आहे, सामान आहे, फक्त मनाई आहे. आणि जीवाश्मांत नेमकं तसलंच दिसतं! पॅलिओडिक्टिओप्टेरा नावाचा एक संपून गेलेला गट होता, कोळसा तयार होत होता त्या काळातला, त्यांना मोठे चार पंख आणि शिवाय पहिल्या खंडावर दोन छोट्या पाळ्या. तीन जोड्या. आज पिठातल्या किड्यात प्रयोगाने जे दिसतं ते ३० कोटी वर्षांपूर्वी उघड्यावर उडत होतं.

काळाची रेघ फळ्यावर काढली. स्कॉटलंडच्या राइनी गावच्या दगडात सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे जबडे सापडले, नुसते जबडे, राइनिओग्नाथा नाव, २००४ मधे दोघा शास्त्रज्ञांनी म्हणलं हे कदाचित पंखवाल्या किड्याचे असावेत, २०१७ मधे दुसऱ्यांनी म्हणलं छे, हे गोमेच्या गोतातलं असू शकतं. जीनच्या तुलनेवरून उडणं साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं असा अंदाज निघतो. आणि खरोखर हातात धरता येईल असा पंखाचा जीवाश्म मिळतो तो साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वीचा. मधली ८ कोटी वर्षं कोरी. नववीतल्या एका पोराने ती कोरी जागा रेघेवर लाल खडूने भरली आणि लिहिलं, "हुडकायचंय".

२६ ऑगस्ट

पोळ्याच्या गडबडीत दोनचार दिवस गेले, मातीचे बैल करताना पोरं वही विसरली. आज पुन्हा बसलो.

सगळ्यात जुने वास्प. खरं तर त्यांना वास्प म्हणावं का हाच प्रश्न, कारण त्यांना वास्पची ती प्रसिद्ध कंबरच नव्हती. किर्गिझस्तानात मादिगेन म्हणून जागा आहे, तिथल्या साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात झायेलिड कुटुंबातले किडे मिळाले, रशियाच्या अलेक्झांडर रास्निट्सिन यांनी १९६४ मधे त्यांचं वर्णन केलं. धड जाड, कंबर नाही, नांगीचा डंख नाही. पण पंख! पंखात वावरंच वावरं. पुढच्या पंखातल्या एका शिरेला टोकाकडे दोन फाटे फुटतात, जे आजच्या दुसऱ्या कुठल्याच वास्प-मधमाशी-मुंगीत राहिलेलं नाही. फक्त झायेलिडमधेच आहे, आणि ते घराणं अजून जिवंत आहे, उत्तरेच्या थंड मुलखात, त्यांच्या अळ्या पाइनच्या फुलोऱ्यात वाढतात.

पोरांनी झायेलिड, गांधीलमाशी आणि मुंगी असे तीन पंख एका कागदावर काढले आणि बांध मोजायला बसली. झायेलिडचे बांध सगळ्यात जास्त. मग गांधीलमाशी. मग मुंगी. पोरांची अपेक्षा उलटी होती, त्यांना वाटलेलं जुना म्हणजे साधा आणि नवीन म्हणजे गुंतागुंतीचा. आणि मोबाईल, गाड्या बघत वाढलेल्या पोरांना तसंच वाटणार. मला ह्या सगळ्या प्रकल्पात जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे, की वास्पच्या पंखाची गोष्ट ही भर पडत जाण्याची नाहीये, बांध मोडत जाण्याची आहे. पंख एकदाच कधीतरी आला, जुन्या सामानातून आला, आणि नंतरची २३ कोटी वर्षं वास्पने त्यातलं एकेक काढून टाकलं, दोन शिरा एकत्र केल्या, मधली पुसली, आणि तरी उडायचं काही थांबलं नाही, उलट नवनवीन ठिकाणी शिरता आलं.

कंबर आली ती डायनासोरच्या मधल्या काळात, ज्युरासिकमधे. कंबर बारीक झाली म्हणून पोट हवं तसं वळवता आलं, आणि दुसऱ्या किड्याच्या अंगात नेमकं अंडं घालता आलं. पोरांना वाटतं डंख आधी आणि बाकी नंतर. डंख हा मूळचा अंडं घालायचा अवयव, म्हणून फक्त माद्याच चावतात, म्हणजे डसतात.

११ सप्टेंबर

उंबर!

शाळेच्या मागच्या ओढ्याकाठचं उंबर फळलंय. पिकायच्या जरा अलीकडची फळं चिरली आणि पांढऱ्या कापडावर ठेवली. आतून निघाले, काळपट, दोन-अडीच मिलिमीटरचे. आपल्याकडे उंबर खाताना फोडून फुंकर मारून खायची सवय सगळ्यांना आहे, पण ते किडे कोण हे कोणी विचारत नाही. ते वास्प आहेत. सेराटोसोलेन जातीचे. आणि त्यांच्याशिवाय उंबराला बी धरत नाही.

मादी बाहेरून येते, कोवळ्या उंबराच्या तोंडाशी जे अगदी घट्ट खवल्यांचं भोक असतं त्यातून घुसते. ते इतकं अरुंद की आत जाताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पण. आत परागकण टाकते, फुलांत अंडी घालते, आतच मरते. तिच्या पोटची पिल्लं वाढली की आधी नर निघतात, नरांना पंख नसतातच, ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीला बाहेर जायचं भुयार पाडतात आणि मरतात. माद्या त्या भुयारातून परागकण घेऊन उडतात, आयुष्य एक-दोन दिवसाचं, तेवढ्यात दुसरं उंबर गाठायचं.

पोरांनी कोवळ्या फळांची तोंडं फोल्डस्कोपखाली धरली तर खवल्यांत अडकलेले पंख खरंच मिळाले. त्यातला एक धड निघाला. त्यात शीर म्हणावी अशी एकच, पुढच्या कडेने जाते आणि टोकाला छोटा फाटा. बंद वावर एकही नाही. सगळं रान मोकळं!

आता ह्याच्यावर कळस म्हणजे इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचा जीवाश्म. १९२० च्या दशकात तो सापडला तेव्हा मुंगी म्हणून नोंदला गेला. नंतर पुन्हा तपासला तेव्हा कळलं की ही तर उंबर-वडाच्या वर्गातली अंजीर-वास्प, वय ३.४ कोटी वर्षं, आणि २०१० मधे स्टीव्ह कॉम्पटन आणि सहकाऱ्यांनी छापलं की तिच्या अंगाखाली परागकण ठेवायच्या पिशव्या आहेत आणि परागकण पण आहेत. आजच्या वास्पमधे आहे तशीच सगळी सोय. ३.४ कोटी वर्षं दोघांचा करार मोडलेला नाही. थंड इंग्लंडात तेव्हा अंजिराच्या वर्गातली झाडं वाढत होती हे पण त्यातून आपोआप कळतं.

एक आज्जी ओढ्यावर धुणं धुवायला आल्या होत्या, त्या बराच वेळ बघत उभ्या. म्हणाल्या, "आमी लहानपनापासून खातो, त्यायला पंख असत्यात हे आज बगितलं बाई." त्यांना फोल्डस्कोपमधून दाखवलं. लई वेळ डोळा लावून होत्या.

३० सप्टेंबर

लिहायला काही नाही. सगळ्या मराठवाड्याला पावसाने झोडपलं, नद्या फुगल्या, शेतं खरवडून गेली, कित्येक पोरांच्या घरचं सोयाबीन पाण्यात आहे. प्रकल्प सध्या बाजूला. पट्ट्या कोरड्या ठेवायला डब्यात तांदूळ घातलेत.

१८ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत चार पोरं आपणहून आली. एकाच्या वडिलांनी कपाशीला लावायला ट्रायकोकार्ड आणलेलं, त्याची एक पट्टी मिळाली. कार्डवर तांदळातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, एका कार्डावर साधारण २०,००० अंडी, आणि त्या प्रत्येकात ट्रायकोग्रामा वास्पने आधीच अंडं घातलेलं असतं. शेतात लावलं की वास्प निघतात आणि बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात, अळी जन्मायच्या आधीच खलास. आमच्या भागात कपाशीवाल्यांना हे कार्ड माहीत आहे, पण आतला जीव कोणी बघितलेला नसतो, तो असतोच अर्धा मिलिमीटर.

पट्टी झाकणाच्या बाटलीत ठेवली, वास्प निघाले, आपोआप मेलेले तळाशी मिळाले, त्यातला पंख वेगळा करायला अख्खी दुपार गेली, ते काम नववीतल्या पोरीने सुईच्या टोकाने केलं, माझा हात एवढा स्थिर नाही. पंख गोलसर, वल्ह्यासारखा रुंद, एकच वळणदार शीर, आणि पापुद्र्यावर केसांच्या रांगा, कडेला लांब केसांची झालर.

एवढ्या लहान जीवाला शिरा कशाला हव्यात? पंख इतका तोकडा की तो शिरांशिवायही ताठ राहतो. शिवाय त्या आकाराला हवा वेगळीच लागते, जाड आणि चिकट. मोठा पक्षी हवेवर तरंगतो, हे जीव तिच्यातून वाट काढतात, म्हणून कडेची केसांची झालर सुद्धा पापुद्र्याचंच काम बऱ्यापैकी करते. वाइस-फॉ नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मधे एन्कार्सिया ह्या असल्याच बारक्या वास्पचं उडणं मोजलं, सेकंदाला ४०० च्या आसपास फडफड, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूचे पंख पाठीवर टाळीसारखे मिटून मग झटक्यात उघडतात, त्या उघडण्यातून वर उचलणारा हवेचा भोवरा तयार होतो. पोरं दिवसभर टाळ्या वाजवत हे करून बघत होती.

२२ नोव्हेंबर

तक्त्यावरून आज बरीच चर्चा. पोरांनी पंख एका ओळीत लावले होते, झायेलिड, गांधीलमाशी, मुंगी, उंबराचा वास्प, ट्रायकोग्रामा, आणि मधे बाण. दिसायला सुंदर. इंग्रजीच्या मॅडमना पण आवडलं, म्हणाल्या परीक्षकांना लगेच कळेल.

पण बाण मी काढायला लावले. गांधीलमाशीपासून ट्रायकोग्रामा झाली नाही. गांधीलमाशी आणि मुंगी डंखवाल्या शाखेतल्या, उंबराचा वास्प आणि ट्रायकोग्रामा दुसऱ्या शाखेतले, त्यांचे पूर्वज फार आधीच वेगळे झाले. बांध दोन्हीकडे आपापले मोडले. एका बाजूला थोडे मोडले, दुसऱ्या बाजूला जवळजवळ सगळे. आणि झायेलिडचं घराणं अजून भरल्या पंखाने उडतंय, ते काही मागे राहिलेलं नाही, त्याचं त्याच्या जागी व्यवस्थित चाललंय. जीनच्या अभ्यासावरून ह्या सगळ्या कुळाची सुरुवात २८ कोटी वर्षांपूर्वीची धरतात, २०१७ मधे ते छापून आलं, म्हणजे मादिगेनच्या जीवाश्मांच्याही ५ कोटी वर्षं आधी. तेव्हाचा पंख अजून कोणाच्या हाती नाही.

म्हणून आता झाड काढायचं ठरलं. बुंध्याशी प्रश्नचिन्ह, ज्याचा पंख मिळालेला नाही त्याचं. पहिली फांदी झायेलिडची. मग कंबर आली तो फाटा. मग दोन शाखा. प्रत्येक टोकाला पंखाचं चित्र आणि खाली बंद वावरांचा आकडा. आज जे जिवंत आहेत ते सगळे एकाच उंचीवर, कोणी वर नाही कोणी खाली नाही. फ्लोरिसंटची गांधीलमाशी आणि आइल ऑफ वाइटचा वास्प हे आपापल्या फांदीवर थोडे खाली, ३.४ कोटीच्या रेघेवर, दोघे योगायोगाने एकाच उंचीवर येतात. आणि ६.६ कोटीवर एक आडवी काळी पट्टी, आपल्या पायाखालचा दगड, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की उंबराच्या वास्पचं कूळ ह्या काळ्या दगडाहून जुनं की नवं. तो प्रश्न परीक्षकांनी विचारावा अशी पोरांची फार इच्छा आहे.

९ डिसेंबर

झाड तयार. कार्डशीट कमी पडलं म्हणून दोन जोडली. पट्ट्या चिकटवल्यात, प्रत्येकीवर गाव, तारीख, कुठं मिळाला ते लिहिलंय. उंबराच्या पट्टीवर "ओढ्याकाठ, मेलेल्या मादीचा, फळाच्या तोंडातून" असं पोरीनेच लिहिलं.

एका मुलाने अजून एक मुद्दा काढला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटला म्हणून घाईतही लिहिते. त्याने विचारलं, उंबरातल्या नराला पंख नाहीत, मादीला आहेत, दोघांचे जीन तर सारखेच, मग नराच्या पंखाचं सामान कुठं गेलं? कुठं गेलं नाही, सामान आहे, कामाला लावलेलं नाही. मुंगीतही तसंच, राणीला पंख आणि कामकरीला नाहीत, अंडी एकाच तऱ्हेची. पिठातल्या किड्याच्या छातीवर मनाई होती तशीच ही पण मनाई. हे झाडात कसं दाखवायचं ते ठरत नव्हतं, शेवटी नराचं चित्र काढून पंखाच्या जागी तुटक रेघांनी पंख काढला.

झायेलिडच्या चित्राला मोजपट्टी राहिलीय आणि ट्रायकोग्रामाच्या बाजूला तेवढ्याच मापाचा एक ठिपका काढायचाय खऱ्या आकाराचा, नाहीतर चित्रात दोन्ही पंख सारखेच मोठे दिसतात. ते उद्या मधल्या सुट्टीत.